दुर्बिणीच्या ऑपरेशनचे टाके भरले आणि महिन्याभराने बेंबीतून पाणी यायला लागलं, तर काय करायचं

पित्ताची पिशवी, अपेंडिक्स, हर्निया, गर्भपिशवी, आजकाल बहुतेक सगळं दुर्बिणीतूनच होतं. तीन-चार भोकं, दोन-तीन दिवसांत घरी, आठवड्याने टाके काढले की पेशंट स्वयंपाकघरात नाहीतर ऑफिसात हजर. आणि मग सगळे ऑपरेशन विसरून गेले की तीन-चार आठवड्यांनी बेंबीपाशी किंवा छातीच्या हाडाखाली जिथे भोक पाडलं होतं तिथे हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागते, दाबली की दुखते, वरची कातडी लालसर-जांभळट होते, काही दिवसांनी ती फुटते आणि पातळ पाणी नाहीतर पांढरट पू यायला लागतो. डॉक्टर पाच दिवसांचं अँटिबायोटिक देतात, सुकल्यासारखं वाटतं, परत येतं. दुसरं अँटिबायोटिक, परत तेच. मग शेजारच्या भोकालाही सुरू होतं.

ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांच्यासाठी लिहितेय. मी मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही, त्यामुळे कुठली गोळी घ्या हे सांगणार नाही. पण तुमचा पू आमच्यापर्यंत कसा पोचतो आणि वाटेत काय काय वाया जातं ते रोज बघते, आणि या आजारात अर्धी लढाई तिथेच हरली जाते.

आधी कॅलेंडर काढा. ऑपरेशनची तारीख, टाके काढल्याची तारीख, गाठ पहिल्यांदा हाताला लागली ती तारीख, पाणी यायला लागलं ती तारीख, आणि मधे घेतलेली सगळी अँटिबायोटिकं नावासकट, किती दिवस घेतली ते. एका कागदावर. हे शाळेतलं वाटेल पण डॉक्टरला सगळ्यात जास्त माहिती याच कागदातून मिळते. नेहमीचं जखमेचं इन्फेक्शन, म्हणजे स्टॅफिलोकॉकस वगैरे मंडळी, साधारण पहिल्या आठवडा-दहा दिवसांत डोकं वर काढतं, जखम लाल, गरम, ठणकते, ताप येतो, घट्ट पिवळा पू येतो, आणि बरोबर औषध मिळालं की चार-पाच दिवसांत फरक कळतो. याच्या उलट जखम आधी व्यवस्थित भरली, मग तीन ते आठ आठवड्यांनी कधीकधी त्याहूनही उशिरा गाठ आली, ताप नाही, भूक नीट, सीबीसी नॉर्मल, माणूस ठणठणीत आणि भोक मात्र वाहतंय, असं असेल तर डोक्यात पहिलं नाव यायला हवं ते अटिपिकल मायकोबॅक्टेरियाचं. रिपोर्टवर याला एनटीएम लिहितात.

हे टीबीच्या जंतूचे चुलतभाऊ, पण स्वभाव वेगळा. माणसाकडून माणसाला लागत नाहीत त्यामुळे घरात ताटवाटी वेगळी करायची, लेकराला जवळ घ्यायचं नाही, असलं काही करू नका. हे राहतात पाण्यात आणि मातीत. नळाच्या पाण्यात, टाकीत, पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात, आणि पाण्यात टाकतात त्या क्लोरीनला बऱ्यापैकी पुरून उरतात. दुर्बिणीच्या भोकांमध्ये जे नेहमी सापडतात ते तीन, मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, चेलोने आणि अब्सेसस. चेलोने तर १९०३ साली फ्रीडमन नावाच्या माणसाला कासवात सापडला होता, म्हणजे पाण्याशी यांचं नातं किती जुनं बघा.

आता लगेच गुगल करून घाबरू नका, कारण प्रत्येक उशिरा आलेली गाठ म्हणजे एनटीएम नाही. आतल्या विरघळणाऱ्या टाक्याला शरीर वैतागतं आणि तिथे गाठ होऊन जराशी फुटते, टाक्याचा तुकडा बाहेर आला की आपोआप बरं होतं. पित्ताची पिशवी ओढून काढताना फाटली आणि एखादा खडा भोकाच्या वाटेत राहिला तरी महिनोन्‌महिने वाहत राहतं. खोकल्यावर गाठ मोठी होत असेल, झोपलं की आत जात असेल, तर तो त्या भोकातला हर्निया असू शकतो, तिथे कोणी सुई घालायला गेलं तर आधी सोनोग्राफी करा म्हणा. बाईच्या पोटावरची गाठ दर महिन्याला पाळीच्या वेळेसच दुखत आणि फुगत असेल तर ते एंडोमेट्रिओसिसचं, म्हणजे गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढल्याचं, असू शकतं. आणि खरा टीबी, तोही भोकात होतो, आपल्या देशात तर तो विसरून चालतच नाही.

एक गोष्ट मात्र आजच करा. काढलेल्या पिशवीचा बायॉप्सी रिपोर्ट शोधा. कित्येक घरांत तो रिपोर्ट कोणी आणायलाच गेलेलं नसतं, डॉक्टरांनी खडे डबीत घालून दाखवले की लोकांचं समाधान होतं. खड्यांसाठी म्हणून काढलेल्या पिशवीत कधीकधी कॅन्सर निघतो आणि तो भोकाच्या जागी कडक गाठीच्या रूपात येऊ शकतो. क्वचित होतं, पण रिपोर्ट वाचायला पाच मिनिटं लागतात.

आता सॅम्पल. इथे जरा सावकाश वाचा.

आमच्याकडे जे येतं त्यात सगळ्यात जास्त असतो कापसाचा स्वॉब. ड्रेसिंग करताना सिस्टरने जखमेवरून फिरवला, नळीत घातला, संध्याकाळपर्यंत टेबलावर पडला, दुसऱ्या दिवशी बॉयबरोबर आला. तोवर सुकलेला. त्यावर वरच्या कातडीवरचे नेहमीचे जंतू असतात, आणि खालच्या बोगद्यात, म्हणजे भोकातून आत गेलेल्या वाहत्या वाटेत, जो खरा बसलाय तो आलेलाच नसतो, आला असला तरी कापसाला चिकटून बसतो, प्लेटवर उतरत नाही. हा फॉर्म 'पस कल्चर' एवढंच लिहून येतो. आम्ही नेहमीप्रमाणे जंतू उगवायची प्लेट लावतो, ४८ तास ठेवतो, काही उगवलं नाही की 'नो ग्रोथ' लिहून प्लेट टाकून देतो. आणि घरी सगळे खूश, की चला इन्फेक्शन नाही! हे जंतू उगवायला तीन ते सात दिवस घेतात हो. आम्ही दुसऱ्या दिवशी दार लावून घेतलं तर पाहुणा पाचव्या दिवशी येऊन काय करणार.

म्हणून स्वॉबऐवजी दोन गोष्टी मागा. गाठ अजून फुटली नसेल तर डॉक्टर सिरिंजने आतला पू ओढून घेऊ शकतात, तो तसाच निर्जंतुक बाटलीत पाठवायचा. फुटून वाहत असेल तर बोगद्याच्या भिंतीचा छोटा तुकडा कापून घेतात, तो सगळ्यात उत्तम. आणि इथे होते ती सगळ्यात मोठी चूक: तो तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. बाटली उघडली की नाकात झोंबणारा तो वास आला की आम्हाला कळतं, गेलं. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो, मेलेला जंतू प्लेटवर उगवत नाही, आणि पेशंटला परत कापायला कोणी तयार नसतं. तर तुकडे दोन करायचे. एक फॉर्मॅलिनमध्ये, तो पॅथॉलॉजीला, तिथे मायक्रोस्कोपखाली ग्रॅन्युलोमा (अशा जंतूंभोवती जमणाऱ्या पेशींच्या बारीक गाठी) वगैरे बघतात. दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये, दोन-चार थेंब पुरे, सुकू नये एवढंच, तो मायक्रोबायॉलॉजीला. दोन बाटल्या, दोन चिठ्ठ्या, दोन फॉर्म. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर जो नातेवाईक उभा असेल त्याने बाटल्या हातात घेतल्यावर दोन्हींच्या चिठ्ठ्या वाचाव्यात आणि विचारावं, सिस्टर, यातली सलाइनची कुठली? एवढं विचारायला लाजू नका, कुणी रागावत नाही, आणि रागावलं तर रागावू दे.

फॉर्मवर काय लिहायचं ते डॉक्टरना विनंती करून लिहून घ्या: दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर इतक्या आठवड्यांनी पोर्टच्या (म्हणजे दुर्बिणीच्या भोकाच्या) जागी बोगदा, एनटीएमचा संशय, एएफबी स्मिअर, मायकोबॅक्टेरियल कल्चर, साधं कल्चर आणि फंगल कल्चर. या एका ओळीने लॅबमधलं सगळं काम बदलतं. मग आम्ही एएफबी स्मिअरसाठी सॅम्पल काचेवर पसरून झील-नील्सन स्टेन करतो, म्हणजे रंग देतो, निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात का ते शोधतो. साधी प्लेटही दोन दिवसांत न टाकता आठवडाभर ठेवतो, आणि एक जास्तीची प्लेट ३० डिग्रीला ठेवतो, कारण चेलोनेला शरीराचं ३७ डिग्री तापमान फारसं मानवत नाही, जरा थंड लागतं. नुसतं ३७ ला ठेवलं तर हा गडी कधीकधी उगवतच नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढे कोरडे ठिपके दिसायला लागले की लॅबमधलं कोणीतरी सगळ्यांना बोलावून दाखवतं.

शक्य असेल तर सॅम्पल घेण्याआधी थोडे दिवस अँटिबायोटिक बंद ठेवता येईल का हे डॉक्टरना विचारा. स्वतःच्या मनाने बंद करू नका, विशेषतः डायबिटिस असेल किंवा ताप असेल तर. आणि साधं लोकल लॅब कलेक्शन सेंटर हे कल्चर करत नाही, पुढे पाठवतं, त्यामुळे आधी फोन करून विचारा की मायकोबॅक्टेरियल कल्चर, जंतूची जात ओळखणं आणि औषधांची सेन्सिटिव्हिटी (कुठलं औषध त्याला लागू पडतं ते), तिन्ही होतं का आणि रिपोर्ट किती दिवसांत. मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायॉलॉजी विभागात चौकशी करा, बऱ्याचदा तिथे काम जास्त नीट होतं आणि स्वस्तातही.

आता त्या सीबीनॅट किंवा जीनएक्सपर्टबद्दल, कारण हल्ली टीबीचा संशय आला की तीच टेस्ट पहिली होते. ती टीबीच्या जंतूसाठी बनवलेली आहे. एनटीएम असेल तर ती निगेटिव्हच येणार. म्हणजे स्मिअरमध्ये लाल काड्या दिसतायत आणि सीबीनॅट मात्र निगेटिव्ह, हे दोन रिपोर्ट एकमेकांशी भांडत नाहीयेत, दोन्ही मिळून एनटीएमकडे बोट दाखवतायत. पण नुसत्या स्मिअर पॉझिटिव्हवर किंवा बायॉप्सीत ग्रॅन्युलोमा लिहिलंय म्हणून एकेटी म्हणजे टीबीचा कोर्स सुरू केलेले पेशंट येतात, तीन-चार महिने गोळ्या खाऊन, लघवी लाल, भूक गेलेली आणि भोक जसंच्या तसं. लवकर वाढणाऱ्या या एनटीएमवर टीबीची नेहमीची औषधं जवळपास काही करत नाहीत. म्हणून कोर्स सुरू व्हायच्या आधी शांतपणे विचारा, डॉक्टर, कल्चरला पाठवलंय का, आणि रिपोर्टची वाट बघता येईल का? आणि खरंच टीबी निघाला तर कोर्स पूर्ण करा, सरकारी औषधं मोफत मिळतात, निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद होते.

एनटीएम निघाला तर उपचार कसा असतो याचा साधारण अंदाज देते, म्हणजे मधेच धीर सुटणार नाही. एका औषधावर भागत नाही, जंतू त्याला लगेच निर्ढावतो. दोन किंवा जास्त औषधं एकत्र, सेन्सिटिव्हिटी बघून: क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकासिनची इंजेक्शनं, सिप्रो किंवा त्याच्या घरातलं एखादं, डॉक्सिसायक्लिन, लिनेझोलिड, अशांमधून निवड होते. जात महत्त्वाची आहे, फॉर्च्युइटम सहसा समजूतदार असतो, अब्सेसस हट्टी. काही अब्सेससमध्ये एक जीन असतो त्यामुळे रिपोर्टवर तिसऱ्या दिवशी क्लॅरिथ्रोमायसिन चालतं असं दिसतं आणि औषध सुरू राहिलं की त्याच औषधाला तो निबर होतो, म्हणून चांगल्या लॅब ती प्लेट चौदा दिवस बघतात. कोर्स महिन्यांत मोजायचा, जरा मोठं इन्फेक्शन असेल तर निदान चार महिने, कधी सहा. बाहेरून सुकलं तरी गोळ्या चालू. आणि बऱ्याच पेशंटना सर्जनकडून तो अख्खा बोगदा खालपर्यंत कापून काढावा लागतो, नुसतं वरून कापून पू काढला तर परत भरतं.

या औषधांना त्रास आहेत, ते आधीच माहीत असू द्या. क्लॅरिथ्रोमायसिनने तोंड दिवसभर कडू-धातूसारखं राहतं, चहा नकोसा होतो. तुम्ही कोलेस्टेरॉलची किंवा हृदयाची गोळी घेत असाल तर सांगितल्याशिवाय ते सुरू करू नका, काही गोळ्यांशी त्याचं अजिबात जमत नाही. अमिकासिन चालू असताना कानात शीळ वाजल्यासारखं झालं, ऐकू कमी आलं, तोल जायला लागला तर पुढचं इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरला फोन, आणि किडनीची क्रिएटिनिन अधूनमधून तपासायची. लिनेझोलिड लांबलं तर सीबीसी दर आठवड्याला. सिप्रोच्या जातीच्या गोळ्यांनी टाचेमागची नस दुखायला लागली तर 'चाललो जास्त म्हणून दुखतंय' असं म्हणून सोडून देऊ नका.

घरी काय? गाठ पिळू नका. हळद, कोरफड, तुरटीचं पाणी, टूथपेस्ट, सगळं येऊन गेलंय आमच्या स्वॉबांवर. हळद भाजीत छान, बोगद्यात तिचं काही काम नाही, उलट ड्रेसिंग पिवळं झालं की पू कुठला आणि हळद कुठली ते सिस्टरलाही कळत नाही. जखम थेट नळाच्या पाण्याने धुवायच्या ऐवजी सिस्टर सांगेल तसं निर्जंतुक सलाइन वापरा. गॉज बदलताना त्यावर किती ओलं आहे, कुठला रंग, ते लिहा, आठवड्यातून एकदा त्याच उजेडात, त्याच अंतरावरून मोबाइलवर फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. शुगर असेल तर एचबीए१सी करा, जखम भरण्यात तिचा वाटा मोठा आहे. आणि गाठीभोवतीची लाली झपाट्याने पसरतेय, थंडी वाजून ताप, पोट फुगलंय, उलट्या, असं काही झालं तर वरचं सगळं बाजूला ठेवून सरळ हॉस्पिटल गाठा, तो वेगळा आणि घाईचा मामला असतो.

आता हा जंतू आत शिरला कसा. पेशंटच्या अस्वच्छतेने नाही, हे घरातल्या मोठ्यांना नीट सांगा, कारण 'लवकर अंघोळ केली म्हणून झालं' असं सुनेला ऐकवणारी माणसं मी बघितली आहेत. बहुतेक वेळा कारण असतं उपकरणं. दुर्बिणीची उपकरणं लांब, बारीक, सांध्यांची, वर इन्शुलेशनचं आवरण, त्या फटीत रक्त आणि मांसाचा कण अडकतो. जुन्या पद्धतीच्या काही वस्तू ऑटोक्लेव्हच्या वाफेत टिकत नाहीत, आणि एका दिवशी पाच-सहा केसेस असल्या की दोन केसेसच्या मधे उपकरणं दोन टक्के ग्लुटारल्डिहाइडच्या ट्रेमध्ये वीस मिनिटं बुडवून काढतात. वीस मिनिटांत होतं ते जंतू कमी करणं, पूर्ण निर्जंतुक व्हायला त्याच द्रावणात दहा तास लागतात. मग ते झोंबणारं द्रावण धुवायला पाणी लागतं, आणि ते पाणी नळाचं किंवा सकाळी उकळून टबमध्ये दिवसभर ठेवलेलं असेल, तर जे घालवलं ते परत लावलं.

ब्राझीलमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. २००६-०७ मध्ये एकट्या रिओ द जनेरो राज्यात साठाहून जास्त हॉस्पिटलांत मिळून हजाराहून जास्त संशयित पेशंट निघाले, बहुतेक दुर्बिणीच्या ऑपरेशनचे, आणि तो अब्सेससच्याच कुळातला जंतू दोन टक्के ग्लुटारल्डिहाइडला दाद देत नव्हता. शेवटी २००९ मध्ये तिथल्या अन्विसा या सरकारी संस्थेने अशी उपकरणं द्रावणात बुडवून निर्जंतुक करण्यावर बंदीच घातली. आपल्याकडे पित्ताची पिशवी दुर्बिणीतून काढायला सुरुवात झाली १९९० मध्ये, मुंबईत जे. जे. हॉस्पिटलमध्ये, डॉ. तेहेमटन उडवाडियांनी केली. तेव्हापासून ही सर्जरी तालुक्याच्या गावापर्यंत पोचली, आणि ते चांगलंच झालं, पण दुर्बीण जेवढ्या लवकर पोचली तेवढ्या लवकर निर्जंतुकीकरणाचा खर्च करायची तयारी पोचली नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. उपकरणांचा दुसरा सेट घ्यायला पैसे नसतात आणि रिसेप्शनला नवीन फॉल्स सीलिंग मात्र होतं.

घरात कोणाचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर आधीच विचारा: उपकरणं ऑटोक्लेव्ह होतात, की ईटीओ गॅस किंवा प्लाझ्मा मशीनमध्ये (वाफेशिवाय निर्जंतुक करायला) जातात, की बुडवून वापरतात? बुडवून म्हणाले तर किती वेळ, आणि धुवायला निर्जंतुक पाणी असतं का? त्या दिवशी यादीत कितवा नंबर? पिशवी बाहेर काढताना प्लास्टिकच्या बॅगमध्ये घालून काढणार का? विचारायची पद्धत साधी ठेवा, 'सर, एक शंका होती' म्हणून. चांगला सर्जन दोन वाक्यांत उत्तर देतो. बेंबी आदल्या दिवशी साबणाने नीट साफ करा, कित्येकांच्या बेंबीत वर्षांचा मळ कडक होऊन बसलेला असतो, आणि पोटाचे केस घरी ब्लेडने काढू नका.

आणि एनटीएमचा रिपोर्ट हातात आला तर त्याची एक कॉपी ऑपरेशन केलेल्या हॉस्पिटलला नेऊन द्या, भांडायला नाही, नोंद करायला. त्याच आठवड्यात त्याच टेबलावर झालेल्या दुसऱ्या कोणालाही अशीच गाठ आली असेल तर दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवल्यावरच कळतं की दोष त्या ट्रेमध्ये आहे की पाण्यात, आणि मग तो ट्रे, ते पाणी आणि उपकरणं कल्चरला पाठवता येतात. ते सॅम्पलही स्वॉबने नको, पाणी असेल तर निर्जंतुक बाटली भरून पाठवायला सांगा.